निळा मफलर कोणाचा?

माझ्या धाकट्या बहिणीला वाचनालयातली मुलं डिंकमावशी म्हणतात. फाटकी पुस्तकं शिवून, चिकटवून पुन्हा उभी करणं हे तिचं काम. बोटांना कायम डिंक. तिनं लाडानं कुणाचा गाल धरला की तो लवकर सुटत नाही. मला लिहिण्याची सवय नाही, जमेल तसं सांगतो.

तिच्या टेबलामागे एक कपाट आहे. त्यात एकाच जगप्रसिद्ध लेखिकेच्या रहस्यकथा. आमच्या घरात त्यांना 'खूनवाल्या बाई' म्हणतात. बहिणीचा जीव त्या कपाटात अडकलेला. पण ग्रंथपाल साहेब म्हणाले, "ही पुस्तकं कुणी नेतच नाही. सोमवारी तळघरात हलवू." तळघरात म्हणजे वाळवीच्या पोटात.

"मुलांना बाईंची ओळख करून द्यायची," घरी येऊन बहिणीनं जाहीर केलं. "रंगवायला चित्र देऊन. दादा, चित्र तू काढायचंस."

"मी? अगं, मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या!"

"पाटीवरचा शिंपी शिंपीच वाटायचा ना? मग झालं तर. आणि खून नको, चोरीची गोष्ट घेऊ. पोरं कोवळी आहेत."

गोष्ट अशी. बर्फात अडकलेल्या हॉटेलातून मोत्यांची माळ नाहीशी होते. संशयित पाच: कर्नल, नर्स, गवई, दंतवैद्य आणि स्वयंपाकी. पळणाऱ्या चोराच्या गळ्यात निळा मफलर होता, एवढाच धागा. मी पाचही जण काढले, मधोमध माळेची मालकीण रडत बसवली. शनिवारी बहिणीनं प्रती काढून आणल्या, नीट पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. हात तिथंच चिकटला.

"दादा! मफलर एकट्या चोराला हवा होता. तू पाचही जणांना घातलास!"

"बाहेर बर्फ पडत होता गं. गारठले असते बिचारे."

आता काही करण्यासारखं नव्हतं, मुलं आत घुसली होती. तिनं चोरीपर्यंतची गोष्ट सांगितली, मफलर निळा होता हेही सांगितलं आणि कागद वाटले. थोड्या वेळानं नुसता गदारोळ.

"नर्स चोर आहे! हा बघ निळा मफलर."

"तुझ्या कागदावर असेल! माझ्याकडे कर्नल पकडलाय."

"कर्नल कसला? त्याचा मफलर मी गुलाबी केलाय!"

पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी मात्र मान खाली घालून रंगवतच होती. तिनं रडणाऱ्या मालकिणीच्याच गळ्यात नवा मफलर रेखाटून तो निळा करून टाकला होता.

सगळी पोरं बहिणीवर तुटून पडली. "मावशी, खरा चोर कोण?"

"मला काय विचारता? उत्तर कपाटात आहे."

झालं! पुस्तक एक, हात डझनभर. चर्रकन आवाज झाला आणि तिनंच शिवलेल्या पुस्तकाचे तीन तुकडे झाले. मी डोळे मिटून घेतले. कुणी पानाचा कोपरा दुमडला तरी ती दिवसभर जेवत नाही. डोळे उघडले तर बहीणबाई पोट धरून हसताहेत.

"बरंच झालं! आता तिघांना एकदम वाचता येईल!"

शेवटचा तुकडा त्या चिमुरडीच्या हाती लागला. ती टेबलाखाली शिरली. बराच वेळ नुसती पानांची सळसळ. मग किंकाळी आली, "अय्या!" आणि ती तोंडावर हात दाबून नाचतच बाहेर आली.

"कोण? सांग ना!"

"नाही फांगणार!"

चिडलेल्या पोरांनी बाईंची बाकीची पुस्तकं उपसायला सुरुवात केली. "मावशी, यातला चोर कोण?"

"त्यात चोरी नाही रे," बहिणीच्या तोंडून निघून गेलं, "त्यात खून आहे."

कपाट रिकामं व्हायला मग कितीसा वेळ लागतो?

सोमवारी साहेब हमाल घेऊन आले, तेव्हा कपाटात धूळ तेवढी उरली होती. बहीण ते तीन तुकडे शिवत बसली होती. साहेबांनी हमालाला परत पाठवलं. जाता जाता तो बहिणीच्या कानाशी काहीतरी कुजबुजून गेला. भिंतीवर लावलेली चित्रं एकेक करून बघितली आणि हळूच वाकून विचारलं, "डिंकमावशी, दंतवैद्यच ना?"

"साहेब," दातात दोरा धरून ती म्हणाली, "रांगेत उभे राहा. तुमच्या आधी हमालाचा नंबर आहे."