बारीक माणसाचं यकृत

दादाचं यकृत जुन्या काविळीच्या विषाणूनं निकामी होत आलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्याच कुणाच्या तरी यकृताचा तुकडा लावावा लागेल. रक्तगट दोघांचा जुळत होता, माझा आणि धाकट्या भावाचा. निर्णय कासारवाडीच्या घरी, पुढ्यातला चहा संपायच्या आत झाला. माझं वजन अठ्ठावन्न किलो. सहा फुटी धाकट्याचं ब्याण्णव.

"ह्याच्या अंगावर मांस न्हाई, आत चरबी कुठनं येणार?" आई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली.

"आन् मला कापलं तर वनस्पती तुपाचा डबाच निघंल," धाकटा म्हणाला. सगळे हसले. तू देशील का, असं त्याला कुणी विचारलं नाही.

तपासण्यांना तीन आठवडे होते. दादाची चाकणच्या कंपनीतली रजा वाढत होती, पोटात पाणी साठत होतं. वहिनींनी मला तयार करायला घेतलं. सकाळी साजूक तुपातला शिरा, संध्याकाळी साखर घातलेलं दूध आणि डिंकाचे लाडू. "भाऊजी, द्यायचं तर आधी अंगात पाहिजे," त्या म्हणायच्या. मी खात होतो.

स्कॅन झाल्यावर डॉक्टर बाईंनी मला आणि वहिनींना बोलावलं. "तुमच्या यकृतात चरबी आहे. बरीच आहे. तुम्हाला दाता म्हणून घेता येणार नाही."

रिपोर्ट माझाच आहे का, असं मी विचारलं. त्यांनी नाव आणि जन्मतारीख वाचून दाखवली.

"दारू घेता?"

"नाही."

"कधीतरी?"

"कधीच नाही."

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. तेवढ्या वेळात त्यांच्या मनात काय येऊन गेलं, ते मी नंतरही विचारलं नाही.

मग दिवस कसा जातो, याची चौकशी झाली. मी वर्तमानपत्रात औद्योगिक पट्ट्याच्या बातम्या करतो. संप, अपघात, कामगार कपात. बसायला मोटारसायकल, नाहीतर खुर्ची. दिवसाला आठ-दहा गोड चहा, बिस्किटं, जेवणाच्या जागी वडापाव. वडिलांना मधुमेह होता. हातपाय काटकुळे, पण टेप लावल्यावर पोटाचा घेर माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. बाहेरून बारीक दिसणाऱ्याच्याही यकृतात चरबी साठते, डॉक्टर म्हणाल्या. साखर बंद करा, रोज चाला, तीन-चार किलो उतरवा, काही महिन्यांनी पुन्हा तपासू.

वजन कमी करा, असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. आणि दादाकडं काही महिने नव्हते.

"माझ्या लाडवांनी झालं का हे?" वहिनींनी विचारलं.

"नाही. हे बऱ्याच वर्षांचं आहे," डॉक्टर म्हणाल्या.

तरी त्यांनी पदर तोंडाला लावला.

फॅटी लिव्हरवरचा मजकूर मी एकदा आमच्या पुरवणीत लावला होता. सोबतचा फोटोही मीच निवडला होता, सुटलेल्या पोटाला लावलेल्या मोजपट्टीचा. बारीक माणसाचा उल्लेख मजकुराच्या शेवटी एका ओळीत होता. जागा पुरत नव्हती, म्हणून ती ओळ मी कापली होती.

हॉस्पिटलच्या पार्किंगमधून धाकट्याला फोन केला.

"भाऊ, मस्करी नको."

मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "किती वाजता येऊ?"

त्याच्या यकृतात चरबी किरकोळ होती, चालण्याजोगी. दात्याशी एकट्याशीच बोलायची तिथं पद्धत आहे. घरच्यांचा दबाव आहे का, असं त्याला विचारलं. "दबाव कसला, मला कुणी विचारलंच नव्हतं," असं उत्तर त्यानं दिलं. हे त्यानंच आम्हाला हसत सांगितलं. आईनं मान खाली घातली.

दादा वाचला, घरी आला. पण मला आठवते ती ऑपरेशनची सकाळ. धाकट्याला स्ट्रेचरवरून नेत होते. दारापाशी त्यानं माझं मनगट धरलं.

"भाऊ, उद्यापासून चालायला लाग. तुझ्यावर ही वेळ आली तर माझ्याकडनं दुसऱ्यांदा घेत नसतात. मी विचारून ठेवलंय."

एवढं बोलून तो आत गेला. मी दारापाशी उभा होतो.