दुकान माझं, नाव कंपौंडरचं

"आधी वास, मग घास," असं म्हणत कंपौंडर माझ्या ढिगातलं सगळ्यात वरचं, सगळ्यात देखणं संत्रं उचलायचे आणि अंगठ्याचं नख त्याच्या सालीत रुतवायचे. सालीतून बारीक फवारा उडायचा. ते डोळे मिटून तो हुंगायचे आणि मी दातओठ खायचो. नख लागलेलं संत्रं दोन दिवसांत बुरसतं, हे कुठल्याही फळवाल्याला विचारा. रोज एक संत्रं असं जायचं, तेही फुकट. ते स्वतः याला 'तपासणी' म्हणत.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. नगरमध्ये एका दवाखान्यासमोर माझी हातगाडी होती. पाथर्डीकडून मी नेसत्या कपड्यांनिशी आलो होतो. गाडी, तराजू, छत्री, सगळं घासाघीस करून उभं केलेलं. पहिल्या भावात मी आयुष्यात काही घेतलं नाही, लग्नातला फेटासुद्धा नाही. आणि हे गृहस्थ सरकारी नोकरीतून कंपौंडर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना घरी करमत नसे, दवाखान्याचा वास आला की बरं वाटे. एके सकाळी ते घरून लाकडी स्टूल घेऊन आले, माझ्या छत्रीच्या सावलीत ते मांडलं आणि म्हणाले, "जय भीम, शेठ. चालू द्या तुमचं."

मी "राम राम" म्हणालो. झाला जागेचा करार. इतका वाईट करार मी पुन्हा कुणाशी केला नाही.

संत्र्याविषयी त्यांना ठाऊक नव्हतं असं काही नव्हतं. एखादी बाई फळं निवडत उभी असली की ते सुरू व्हायचे.

"बाई, हे फळ मूळ आपल्या बाजूचं. आसामच्या डोंगरातलं म्हणतात, कुणी चीनचं म्हणतात. संस्कृतात नारंग. अरब घेऊन गेले, ते म्हणाले नारंज. तिथून हिंडत हिंडत इंग्रजापर्यंत गेलं, तो म्हणाला ऑरेंज. आता सांगा, सुरुवातीचा न कुठं गेला?"

बाई माझ्याकडं बघायची. जणू न मीच तराजूखाली दाबून ठेवलाय.

"इंग्रजानं आपलं सगळं नेलं," कंपौंडर म्हणायचे, "फक्त न तेवढा सोडला."

मग जहाजांची गोष्ट यायची. जुन्या काळी खलाशी महिनोन् महिने समुद्रावर. भाजी नाही, फळ नाही. हिरड्या सडायच्या, दात हातात यायचे. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की लिंबू-संत्रं खाणाऱ्याला हा रोग होत नाही. इथं आलं की ते समोरच्याला म्हणायचे, "आ करा." आणि लोक करायचे. त्या आवाजात सगळ्या नोकरीचा अधिकार होता. चांगली शिकलेली, घड्याळ लावलेली माणसं माझ्या गाडीपुढं आ करून उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

इथवर माझी तक्रार नव्हती. गर्दी जमायची, मला काय. पण गिऱ्हाइकाला मी मोठ्या कष्टानं डझनापर्यंत आणलेलं असताना हे स्टुलावरून विचारायचे, "पेशंट किती?"

"एकच. सासरे."

"मग डझन कशाला? त्यातलं क जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवत नाही. जास्तीचं लघवीवाटे जातं. तीन न्या. संपली की पुन्हा या. रस काढू नका, फोडी चावून खाऊ द्या. फोडीवरचे पांढरे दोरे काढू नका, पोट साफ राहतं. मूत्रपिंडाचं दुखणं नाही ना? असलं तर आधी डॉक्टरला विचारून या, मग संत्रं."

गिऱ्हाईक तीन संत्री घेऊन आशीर्वाद मिळाल्यासारखं निघून जायचं.

मी एकदा तडकलोच. "कंपौंडर, तुम्ही माझ्या बाजूला बसता का त्यांच्या?"

ते शांतपणे म्हणाले, "सावली तुमची, पेशंट माझा."

अशा माणसाला तुम्ही काय केलं असतं? मी चहा पाजला. दुसरं काही सुचलं नाही.

मग गाळ्याचं निघालं. दवाखान्याच्या फाटकाजवळचा पक्का गाळा रिकामा होणार होता. सिमेंटचा, शटरचा, वर पंखा. पावसात ताडपत्रीचं टोक धरून उभं राहिलेल्या माणसालाच शटर म्हणजे काय ते कळतं. गाळामालक म्हणाला, "पाडव्यापर्यंत अनामत आणा. न्हाई जमलं तर रसवाला तयार हाय." रसवाला म्हणजे माझ्या शेजारचा, ज्याच्याशी माझं पाणी शिंपडण्यावरून वाकडं होतं. गाळा त्याला गेला असता तर मला नगर सोडावं लागलं असतं, निदान तोंड तरी लपवावं लागलं असतं.

मी तिसगावकडची एक संत्र्याची बाग उक्ती घेतली. उक्ती म्हणजे फळ झाडावर असतानाच सगळी बाग एका रकमेला. बागवाल्याशी तीन दिवस घासाघीस केली. दोनदा उठून बांधापर्यंत गेलो, दोनदा त्यानं हाक मारली. तिसऱ्या दिवशी तो एकदम खाली आला. "न्या शेठ, तुमच्याफुडं कोन बोलनार." भाव असा सुंदर पडला होता की मी झाडाखालून निघालो ते हवेत. त्या आनंदात एक गोष्ट राहून गेली. मी फळ चाखलं नाही.

पहिला टेम्पो आला. कंपौंडरनी नख रुतवलं, वास घेतला, मान डोलावली. मग फोड तोंडात टाकली आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला.

"आंबट," ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा.

दोन बायांनी हातातली फळं खाली ठेवली. रसवाल्यानं मान वर केली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्यापुढं हात जोडले. माझ्या ओळखीच्या कुणीही मला हात जोडताना पाहिलं नव्हतं. "कंपौंडरसाहेब, पाडव्यापर्यंत तोंड बंद ठेवा."

"ठेवतो. पण कुणी विचारलं तर?"

"गोड म्हणा."

"ते नाही जमणार, शेठ. सगळी नोकरी, बाटलीवर जे लिहिलं तेच आत भरलं."

"मग मी काय करू? बाग परत झाडाला चिकटवू?"

ते उठले. स्टूल तिथंच ठेवून घरी गेले. दोन दिवस फिरकले नाहीत. मी बोंबलून बोंबलून "गोड संत्री" विकत होतो, आणि संत्री नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येऊन माझा उद्धार करत होता.

तिसऱ्या दिवशी ते आले. काखेत पुठ्ठा आणि हातात बरणी. पुठ्ठ्यावर औषधाच्या बाटलीवर लिहितात तशा ठळक, गोलसर अक्षरात लिहिलं होतं: 'आंबट संत्री'.

मी म्हणालो, "माझा जीवच घ्यायचा असेल तर सरळ घ्या."

"गप्प बसा," ते म्हणाले. त्यांच्याकडून हे पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून बसलो.

बरणीत भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ होतं. ते स्टुलावर बसले, मांडीवर कागदाचे चौकोन ठेवले आणि पुड्या बांधायला लागले. जुन्या कंपौंडरची पुडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. दोरा नाही, डिंक नाही, चार घड्या, आणि उलटी धरली तरी कण सांडत नाही. मग ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. "संत्री आंबट आहेत. पित्तवाल्यानं पुढं जावं. पण तापातून उठून तोंडाची चव गेली असेल, अन्न बघवत नसेल, तर हे घ्या. जेवणाआधी अर्धं संत्रं, वर चिमूटभर पुडी. दिवसातून दोनदा."

सगळा बाजार "गोड, गोड" ओरडत असताना एकजण "आंबट" म्हणाला की माणूस थांबतो, हे मला त्या दिवशी कळलं. पेशंटच्या उशाशी बसून तोंडं कडू झालेले नातेवाईकच आधी आले. मग वॉर्डातले. मग ज्यांना काही झालं नव्हतं तेही आले. पाडव्याच्या आठ दिवस आधी बागेत संत्रं शिल्लक नव्हतं.

पण त्याआधी एक घोटाळा झाला. काष्टीकडची एक म्हातारी पुन्हा आली आणि म्हणाली, "कंपौंडर, पुड्या द्या. पर संत्री नगं."

"संत्र्याशिवाय पुडी नाही, आजी. गेल्या वेळची संपली का?"

"संपली की. शेळीनं खाल्ली."

"शेळीनं? आणि तुम्ही?"

"म्या पुडी पान्यातून घ्येतली. लई गुन आला. भूक लागती आता. शेळीबी बरी हाय."

कंपौंडर एवढे गोंधळलेले मी कधी पाहिले नव्हते. नारंगपासून जहाजांपर्यंत सगळा इतिहास त्या शेळीच्या पोटात गेला होता. त्यांनी गुपचूप दोन पुड्या दिल्या, आणि त्या दिवशी कुणालाच आ करायला लावलं नाही. मी पोटभर हसून घेतलं. अजूनही आठवलं की हसतो.

पाडव्याला गाळ्याचं शटर वर गेलं. गुढी, तोरण, नारळ. वर माझ्या आडनावाची पाटी, लाल अक्षरं, पिवळी सावली. रंगाऱ्याशी अनुस्वाराच्या पैशांवरून भांडून घेतलेली. मी नवा सदरा घालून उंबऱ्यात उभा. कंपौंडर आपलं स्टूल पंख्याखाली मांडून बसले होते.

तेवढ्यात तीच म्हातारी आली. वर बघितलं, आत बघितलं. कंपौंडरला म्हणाली, "दुकान घ्येतलं व्हय? बरं केलं. हातगाडीवर हाल हुते तुमचे." मग माझ्याकडं वळून, "आन ह्यो गडी लई दिसांचा तुमच्याकडं हाय. इमानी दिसतोय."

लोक हसले. रसवाला सगळ्यात मोठ्यानं हसला. माझं डोकं फिरलं. म्हातारीवर चिडता येईना, म्हणून मी कंपौंडरवर घसरलो. सगळ्यांदेखत म्हणालो, "उद्यापासून हे स्टूल इथं दिसता कामा नये."

ते उठले. स्टूल उचललं. म्हणाले, "बरोबर आहे, शेठ. दुकान तुमचं आहे." म्हातारीलाही तसंच सांगितलं, "आजी, दुकान यांचं आहे." आणि गेले.

आता माझी तक्रार ऐका, ती मी आजवर मनात ठेवली आहे. मी सौद्याचा माणूस. मी जे पहिल्यांदा बोलतो तो भाव नसतो, ती सुरुवात असते. मी म्हणालो 'उद्यापासून', तर त्यांनी म्हणायला हवं होतं 'एवढा महिना तरी'. मी म्हणालो असतो 'आठवडा'. ते म्हणाले असते 'फक्त सकाळी'. मी कुरकुरत 'बरं' म्हणालो असतो. सगळं जग असंच चालतं. हा माणूस पहिल्याच बोलीला हो म्हणून निघून गेला. असं कुणी करतं का?

ते रोज दवाखान्यावरून जायचे, पण पलीकडच्या कडेनं. मी बघितलं की हात वर करायचे. मीही करायचो. पाटीवर माझं नाव होतं आणि लोक रिक्षावाल्याला सांगायचे, "कंपौंडरच्या दुकानावर घ्या." मग आत डोकावून विचारायचे, "कंपौंडर आज नाहीत?" मी सांगायचो, "गावाला गेलेत." दीड वर्ष ते माझ्या तोंडी गावाला गेलेले होते आणि समोरून चालत जात होते.

मग पलीकडच्या कडेलाही दिसेनात. चौकशी केली तर आजारी. मी सहा निवडक संत्री घेतली आणि घर शोधत गेलो. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाचं चित्र. कंपौंडरीणबाई दारात म्हणाल्या, "या शेठ. तुमचंच बोलणं चालतं इथं." ते खाटेवर होते. बारीक झालेले. मला बघून उशीला टेकून बसले.

मी पिशवी पुढं केली. त्यांनी एक संत्रं काढलं, तळहातावर तोललं.

"काय भाव?"

"भाव कसला? तुमच्यासाठी आणलीत."

"फुकट नको. दुकान तुमचं आहे. एकाचा भाव सांगा."

म्हणजे मनात होतं तर. मला राग आला आणि बरंही वाटलं. सवयीनं तोंडून दुप्पट भाव गेला.

"फार होतो," ते म्हणाले आणि निम्म्याहून खाली आले.

"त्यात साल येईल नुसती."

"साल तर गुणाची. सालच द्या."

"कंपौंडर, हा तिसगावचा माल आहे."

"मग तर आणखी उतरवा. तिसगावचा माल मी ओळखतो."

अर्धा तास चालला. बाईंनी दोनदा चहा केला. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो, दोनदा त्यांनी हाक मारली. इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं की या माणसाला घासाघीस येते. चांगली येते. मी पंचवीस पैसे उतरलो की ते दहा चढायचे. शेवटी दम लागला तसे ते मागं टेकले, संत्रं पिशवीत परत ठेवलं आणि म्हणाले, "मी विचार करून ठेवतो. तुम्हीही करा. उद्या या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडत होतो तेव्हाच त्यांच्या घरून निरोप आला, कंपौंडर रात्रीच गेले.

आमच्या दोघांत चार आण्यांचा फरक राहिला होता. ते मी त्या दिवशी सोडणार होतो.