पहिल्या रांगेतल्या आजी

विद्यापीठातल्या जाहीर व्याख्यानांना आम्ही श्रोते नेहमी मागे, दाराजवळ बसतो. काल विषय महागाईचा होता. "पुढे या ना," संयोजकांनी विनवलं. कोणी हललं नाही. व्याख्याती तरुण होती. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत ती उगाच कागद चाळत राहिली. तेवढ्यात माझ्या शेजारच्या आजी पिशवी सावरत उठल्या आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मुलीने कागद बाजूला ठेवले आणि ती त्यांच्याशीच बोलू लागली. समोर एक चेहरा मिळाला की अवघड विषयही किती घरचा होतो! आजी सारखी मान डोलावत होत्या.

बाहेर पडताना मी विचारलं, "आजी, सगळं कळलं?"

"छे गं! जिथे कळत नव्हतं, तिथे जरा जास्तच मान डोलावली. एवढा अभ्यास करून आलेली पोर ती!"