नानाची बाजू

घरातलं असं चारचौघांत लिहावं की नाही, मला अजून कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, मग लिहिणं तर लांबच. काही चुकलं तर माफ करा. पण सांगते.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. माझे वडील मी लहान असतानाच वारले. मग मायनं पाट लावला आणि मला घेऊन ती चोपड्याजवळच्या या गावात आली. सावत्र बापाला मी नाना म्हणायचे. त्याच्या भीतीनं माय घागर भरायची नाही. त्या वर्षी मी भरली. कोरी मातीची घागर, वर खरबूज, बाजूला सांजोरी.

नाना बाहेरून आला.

"हाई कोनी?"

"मना बापनी," मी म्हणाले.

"तुले पोसस कोन? तो मरेल, का मी?"

त्यानं लाथ घातली. घागर फुटली, पाणी चुलीत गेलं. मायला म्हणाला, पूस. तिनं पदरानं पुसलं. शेजारच्या बाया दारात उभ्या होत्या. आत कुणी आलं नाही.

कॉलेजच्या अंकासाठी मी एवढंच लिहिलं होतं. अंकाचं बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हा माणूस नुसता राक्षस वाटतो गं. त्याचीही काही बाजू असेल."

होती. मला माहीत होती.

नाना केळी कापणाऱ्या टोळीत होता. कापलेला घड खांद्यावर घ्यायचा आणि बागेबाहेर ट्रकपर्यंत न्यायचा. एकदा मी त्याचा डबा घेऊन गेले होते. ठिबकची नळी पायात अडकली आणि नाना घडासकट पडला. केळी ठेचली. मालकाचा मुलगा मोटारसायकलवर बसला होता. नानाच्या निम्म्या वयाचा.

"आपटलास ना? आता तूच खा. बस इथं."

मुकादम म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ."

"जाऊ द्या काय? सालासकट खाईल तो."

हिरवीगार, कच्ची केळी. नाना उकिडवा बसला आणि खाऊ लागला. चीक ओठांना चिकटला. टोळीतला एक जण हसला, मग बाकीचेही. नानाला उमासे येत होते, तरी तो थांबला नाही. मान वर केली तेव्हा त्याला मी दिसले. बांधावर, डबा हातात.

परत येताना मी रडले. त्या मुलाला दगड मारावासा वाटला. त्या दिवशी पहिल्यांदा नाना मला माझा माणूस वाटला.

संध्याकाळी त्यानं मायला मारलं. नळीच्या तुकड्यानं. "तुनी पोरले कसाले धाडं तठे?" मला बागेत का धाडलं, एवढंच म्हणत होता, आणि मारत होता.

मी बागेतलं लिहून नेलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "आता वाचकाला त्याची कीव येईल. इथंच संपव."

मला ते जमलं नाही. कीव मलाही आली होती. माय तर त्या किवेवरच जगत होती. बाहेर त्याला किती खावं लागतं, म्हणायची, आणि पाठीला हळद लावायची. पण त्याला केळी खायला लावणारी माय नव्हती. मालकाच्या मुलापुढे त्याचा हात उठला नाही. तो हात मायनं का सोसायचा?

मी बारावीला असताना त्यानं पुन्हा नळी उचलली. मी मध्ये उभी राहिले.

"तठे मुकाट खाई लिधं. आठे मायले कसाले मारस?"

मग नळी माझ्या दंडावर बसली. मी हलले नाही. पुन्हा बसली. तरी हलले नाही. त्यानं नळी अंगणात फेकली आणि निघून गेला. मी घरात असेपर्यंत त्यानं पुन्हा मायवर हात टाकला नाही. मग मी जळगावला होस्टेलवर आले. मागं काय चालतं ते माय फोनवर सांगत नव्हती.

तर नानाची बाजू ही अशी. खरी आहे. तिच्यातला एक शब्दही मी काढणार नाही. मालकाच्या मुलानं केलं ते त्याच्या नावावर लिहीन. नानानं केलं ते नानाच्याच नावावर राहील. एकानं दुसरं पुसलं जाणार नाही.

हे लिहीत असतानाच काल दुपारी मायचा फोन आला. चोपड्याहून. ती एकटीच बसनं पोलीस ठाण्यात गेली होती.

"बठ्ठं सांगी दिधं," ती म्हणाली. "आते तुले बी इचारतीन. गावना लोके म्हनतीन, जाऊ दे पोरी, तो बी गरीबच शे. तू सांगशी ना?"

"सांगसू," मी म्हणाले.