साडूंच्या गाडीचा पट

वाशिम जिल्ह्यात मोटारसायकल पळवण्याचा ट्रॅक नाही, लगतच्या जिल्ह्यांतही नाही. तरीही अशा ट्रॅकवर उतरायला माझ्या साडूंइतका तयार असलेला माणूस अख्ख्या देशात सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. ते कारंजा तालुक्यात धनजच्या बाजूला राहतात आणि पशुधन पर्यवेक्षक आहेत. म्हणजे गावाच्या भाषेत डॉक्टर. वय पन्नाशीला टेकलेले, पोट आटोक्यात, मिशी भरघोस. घरासमोर कडुनिंबाखाली एक मोठी निळी मोटारसायकल उभी असते. ती बहुतेक वेळ उभीच असते, कारण ती तयारीत असते.

ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे, हे ते प्रत्येक पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर समजावतात. शर्यतीचा ट्रॅक एखाद्या दिवशी सामान्य लोकांना खुला करतात. आपली गाडी न्यायची, तपासून घ्यायची, गटागटाने सोडतात तेव्हा फेऱ्या मारायच्या आणि घरी यायचे. कोणी पहिला येत नाही, बक्षीस मिळत नाही. मग इतकी तयारी कशाला, असे मी एकदा विचारले. "जितनार कोनी नाई भाऊसाहेब," ते म्हणाले, "म्हनून तं चुकलं का लपाले जागाच नाई."

त्यांचे वडील, म्हणजे आबा, आपल्या काळातले नावाजलेले शंकरपटवाले, बैलांच्या शर्यतीतले. बैलजोडी पटावर पळवण्याआधी काय करायचे आणि काय नाही, हे साडूंनी लहानपणी त्यांच्याकडे पाहिले आणि पुढे सगळेच्या सगळे मोटारसायकलला लागू केले. पटाचा बैल आदल्या आठवड्यात कामाला जुंपत नाहीत. सबब ट्रॅकची गाडीही कामाला लावायची नाही. पटाची तारीख ठरलेली असते, साडूंची कधीच ठरलेली नसे. त्यामुळे गाडीची विश्रांती वर्षानुवर्षे चालली. जऊळका ही आम्हा दोघांची सासुरवाडी. तिथे ते एसटीने येत, दोन्ही हातांत पिशव्या, आणि उतरल्या उतरल्या सांगत, "गाडी आराम करून राह्यली." एकदा गाडीने इतका आराम केला की बॅटरी पार बसली. साडूंनी गुरांना लावायचा स्टेथोस्कोप आणून तिच्या इंजिनवर ठेवला, बराच वेळ ऐकले आणि निदान केले, "अशक्तपना आहे." तेव्हापासून ती रोज सकाळी जागच्या जागी सुरू होते, थोडी गुरगुरते आणि पुन्हा आरामाला लागते.

गाडीपेक्षा स्वतःची तयारी जास्त कठीण, असे त्यांचे मत आहे. ट्रॅकवर मानेपासून घोट्यापर्यंत अखंड चामड्याचा पोशाख लागतो. तो त्यांनी मागवला आणि अंगाला सवय व्हावी म्हणून ऐन उन्हाळ्यात घरात घालायला सुरुवात केली. दुपारी कारंज्याकडे डांबर पातळ होत असताना हा माणूस लाल-काळ्या चामड्यात बसून ताक पीत असे. त्याच वेशात ते एका शेतकऱ्याची म्हैस पाहायला अंगणात आले. म्हैस तीन दिवसांपासून उठत नव्हती, तिला बैलगाडीत घालून आणले होते. साडू समोर येताच ती उठली, गाडीतून उतरली आणि थेट स्वतःच्या गोठ्यात जाऊन थांबली. शेतकरी मात्र खूश होता. "डॉक्टर, हे औषद जालीम आहे," तो म्हणाला, "पन माहा सासरा बी खाटेवर आहे, त्याच्यासमोर असं येऊ नोका."

वळणावर गाडी मांड्यांनी धरायची असते, हातांनी नाही. त्यासाठी ते तुरीचे अर्धे पोते गुडघ्यांत दाबून टीव्ही पाहत. मार्चमध्ये वावर रिकामे झाले की त्यात फक्कीने वळणे आखत आणि गाडी न नेता नुसते पायी, अनवाणी, त्या रेषेवरून चालत. वडीलही पटाआधी असेच चालत, खडा वेचत. वेगात जाताना नजर चाकापुढे नव्हे, वळण जिथे संपते तिथे ठेवायची, हा नियम साडू चालतानाही पाळत. त्यामुळे दोनदा बांधाला ठेचकाळून पडले. आरसे काढायचे आणि दिव्यांना चिकटपट्टी लावायची हा ट्रॅकचा नियम त्यांनी घरूनच अमलात आणला आणि पेट्रोल भरायला कारंज्याला गेले. चौकात हवालदाराने विचारले, "आरसे कुठं आहेत?" साडू म्हणाले, "ट्रॅकवर मांगं पाहाचंच नसते." हवालदार म्हणाला, "बराबर आहे. पुढं पाहा. साहेब उभे आहेत."

झेंडे पाठ असणे सर्वांत महत्त्वाचे. पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सत्र थांबले, काळा म्हणजे तो ज्याला दाखवला त्याने ताबडतोब बाहेर यायचे. सरावासाठी त्यांनी तिन्ही रंगांची कापडे आपल्या बायकोकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे दिली. मेहुणीला मोटारसायकल मुळीच मान्य नव्हती. तिने कधी भांडण केले नाही. ती फक्त गाडीला हात लावत नसे. अंगण झाडताना गाडीभोवतीची जागा सोडून झाडी, त्यामुळे कडुनिंबाखाली पाचोळ्याचे एक बेट तयार झाले होते. झेंड्यांचा उपयोग मात्र तिने लगेच ओळखला. आमच्या सासूबाई आल्या की स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिवळा, जेवण वाढले की लाल. आणि पाहुण्यांसमोर साडूंनी टायरमधल्या हवेवर बोलायला घेतले की काळा. साडू शिस्तीचे. वाक्य अर्धवट टाकून उठत आणि आत जात.

असे करता करता गेल्या हिवाळ्यात खरोखरच तारीख ठरली. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर त्यांना जागा मिळाली. मेहुणीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "एकडाव जाऊन या. मंग डोक्यातलं निंगते." ही परवानगी होती की निकाल, ते साडूंना कळले नाही. पण संमती म्हणावी असे त्यात काही नव्हते, आणि ते त्यांना लागले होते. त्या आठवड्यात त्यांनी गाडी धुतली, चेन ताणून पाहिली, इंजिन थंड ठेवणारे निसरडे द्रव्य काढून नियमाप्रमाणे साधे पाणी भरले, गोधडीत गुंडाळून पिकअपवर बांधली. मग ते आंघोळीला गेले. सोबत म्हणून मी निघालो होतो. पिकअपचा चालक चहा पीत होता. तेवढ्या वेळात अंगणात काय झाले, ते आम्हा तिघांपैकी कोणीच पाहिले नाही.

ते कळले दोन दिवसांनी, ट्रॅकवर. गाड्यांची तपासणी सुरू होती. सगळीकडे विशीतली मुले, त्यांच्या गाड्यांवर चिकटवलेले आकडे. आमची पाळी आली. तपासनीस तरुण होता, नेमका होता. आरसे नाहीत, दिवे झाकलेले, चेन ठीक. त्याने मान डोलावली. मग पुढच्या टायरवरून बोट फिरवले आणि ते बोट उजेडात धरले. बोट पिवळे झाले होते. "ये क्या लगाया है?" त्याने विचारले. वास घेतला. "घी?"

साडूंनी खाली वाकून आपलेही बोट फिरवले आणि हुंगले. "हळद बी आहे," ते म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दमलेल्या खांद्यावर तूप-हळद मळतात. भार ज्याच्यावर पडतो, त्याला हे लावायचे, अशी ती रीत. मोटारसायकलला जू नाही, खांदा नाही. तिचा भार चाकांवर पडतो. मेहुणीने हा विचार नीट केला होता, असे दिसत होते. कारण दोन्ही टायर कडेपासून मध्यापर्यंत एकसारखे मळलेले होते, आणि ब्रेकची चकती पायातल्या तोड्यासारखी चकचकीत दिसल्यामुळे तिच्यावरही दोन बोटे फिरवलेली होती. अशा चाकांवर पहिल्या वळणालाच गाडी आडवी झाली असती. तपासनीसाने मान हलवली. "ऐसे नहीं जा सकते, अंकल." त्याचे बरोबर होते.

मी खिशातून फोन काढला. घरी विचारू तरी, काय काय लावले आहे ते, असे मला वाटले. साडूंनी माझा हात धरला.

"फोन नोका करू," ते म्हणाले. "इतके वर्सं तिनं या गाडीले हात लावला नवता."

मग ते खाली बसले. भांडी घासायचा साबण कँटीनमधून मिळाला. टायर त्यांनी घासले, धुतले, पुसले, पुन्हा घासले. ब्रेकची जास्तीची पॅडे त्यांच्या पेटीत होती, ती बदलली. सकाळची सत्रे आमच्यासमोरून गेली. एक गट आत, एक बाहेर, मुले हेल्मेट काढून हातांनी एकमेकांना वळणे दाखवत होती. तपासनीसाने पुन्हा बोट फिरवले, पुन्हा नाही म्हटले. तूप साजूक होते, रबरात मुरले होते. जेवणाच्या सुट्टीतही साडू घासत होते. मध्येच मला म्हणाले, "म्हशीचं नाई हे, गाईचं आहे. घरचं. तिनं सनासाठी ठेवलं होतं." मी बादलीत पाणी आणले.

दुपार कलल्यावर बोट स्वच्छ निघाले. शेवटच्या सत्रात त्यांना सोडले. मी भिंतीपाशी उभा राहून पाहिले. ते सर्वांत मागे होते आणि सत्र संपेपर्यंत मागेच राहिले. ज्यांना ज्यांना पुढे जाता येणे शक्य होते, ते सगळे त्यांच्या पुढे गेले, काही दोनदा. पण प्रत्येक वळणावर त्यांची मान आधी वळे आणि मग गाडी, सावकाश, न डगमगता, रेषेवरून. सत्र संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला, ते आत आले, हेल्मेट काढले. डोळे पाणावले होते, वाऱ्याने असेल. "आबाचा पट सरळ राहे," ते म्हणाले. "त्यात वळनच नवतं. त्याईले हे दाखवाले पाह्यजे होतं."

परतल्यावर मेहुणी फाटकातच उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग गाडीकडे, मग चाकांकडे. "पडले तं नाई?" तिने विचारले. "नाई," साडू म्हणाले. "चाकं रस्ता धरून होती. तू काही लावलं होतं काय?" आत जाऊन तिने जेवण वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखालचे पाचोळ्याचे बेट झाडलेले होते.

डोक्यातून काही निघाले नाही, हे सांगायला नको. यंदा पुन्हा तारीख मिळाली आणि साडूंनी चाकांची दुसरी जोडी मिळवली. गाडीला जुनी चाके लावून ती अंगणात ठेवायची, म्हणजे बायकोला मनासारखे तूप लावता येईल. खरी चाके पोत्यात बांधून तिच्या नकळत पिकअपमध्ये ठेवायची आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदलायची. ही योजना त्यांनी मला कुजबुजत सांगितली आणि मग मुद्दाम मोठ्याने "आंघोळीले चाललो" म्हणून गेले. मी अंगणात थांबलो. मेहुणी वाटी घेऊन आली. गोधडी वर सारून तिने टायरला तूप-हळद मळायला सुरुवात केली, हलक्या हाताने, जनावराच्या अंगाला लावावे तसे. एक चाक झाले, ती दुसऱ्याकडे वळली.

"भाऊजी," ती मान वर न करता म्हणाली, "पोत्यातली चाकं चांगली आवळून बांधली ना? रस्ता खराब आहे."

मी हो म्हटले.

"त्याईले सांगू नोका मले ठाऊक आहे म्हनून," ती म्हणाली, आणि उरलेले तूप दुसऱ्या चाकाला लावत राहिली.