डाव्या बाजूचं माप

"मास्तर, टेप खाली ठेवा. आधी ऐका."

बाई दुकानात आल्या की हे त्यांचं पहिलं वाक्य. ते म्हणताना मशिनच्या पाटावर दोन बोटांनी टकटक करायच्या. वर्गात पोरांना गप्प करतानाही तशीच करत असाव्यात. मी महाडच्या पेठेतला लेडीज टेलर, गळ्यात टेप घालून बसलेला, आणि मला स्वतःविषयी बराच आदर होता. टेप खाली ठेवली की त्यातला निम्मा उतरायचा.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आगेमागेची. बाई प्राथमिक शाळेत शिकवत. वय तेहतीस-चौतीस, अंगानं किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मधे चार महिने त्या मुंबईला होत्या. आजारी आहेत एवढंच पेठेत माहीत होतं. परत आल्यावर एक दिवस त्या जुना ब्लाऊज आणि नवं कापड घेऊन दुकानात आल्या.

त्या काळी आमच्याकडे बायका शिंप्याला अंगावर माप देत नसत. नीट बसणारा जुना ब्लाऊज आणून द्यायचा, मी तो पाटावर पसरायचा, नवं कापड दुमडायचं आणि पुढच्या दोन्ही बाजू एकदम कापायच्या. माझी सगळी विद्या एवढीच. बाई म्हणाल्या, "यावरून शिवा, पण डावी बाजू वेगळी लागेल."

मी हसलो. मला वाटलं, शिकलेल्या असल्या तरी बाईंना शिवणातलं काय कळणार. म्हटलं, "बाई, माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. देवानंच दुमडून कापलाय."

"हो ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण मुंबईच्या डॉक्टरांनी एक बाजू उसवली. छातीत गाठ होती. वेळेत सापडली म्हणून जीव वाचला. आता शाळेत जायचंय, आणि एका हातानं पदर धरून फळ्यावर लिहिता येत नाही."

मला तोंड कुठे लपवू असं झालं. शिंप्याकडे त्याची सोय असते. मी बाईंचंच कापड तोंडासमोर धरून त्याचा पोत बघत बसलो. बऱ्याच वेळानं पलीकडून टकटक ऐकू आली. "मास्तर, पोत चांगला आहे. खाली ठेवा आता."

तर डाव्या बाजूला आतून एक पिशवी लावायची आणि ती भरायची, असं ठरलं. पहिल्यांदा मी कापूस भरला. कापूस हलका. बाईंनी फळ्यावर लिहायला हात वर केला की तो गळ्याशी येऊन बसे. पहिलीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमच्या झंपरात मांजर हाय का?" हे बाईंनीच मला येऊन सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "मास्तर, मांजराला जरा वजन द्या."

वजन काय द्यायचं म्हणून मी घरी विचारलं. आमची मंडळी नाचणी निवडत होती, ती म्हणाली, "ही भरा. हाताला मऊ लागते नि जागची हलत नाही." भरून पाहिली तर खरंच उत्तम. मी इतका खूश झालो की पिशवी ब्लाऊजला चारी बाजूंनी पक्की शिवून टाकली. पुन्हा कधी निसटायला नको.

तुमच्यापैकी जे महाडला राहिले असतील त्यांना पुढचं सांगायला नको. उन्हाळाभर ब्लाऊज धुतला की तासाभरात वाळायचा, आतली नाचणीही वाळायची. श्रावणात आमच्याकडे कपडा तीन तीन दिवस दांडीवर ओलाच असतो. एका सकाळी बाई कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या आणि पाटावर उलगडलं. माझ्या पक्क्या शिवणीतून सगळीकडून पांढरे कोंब बाहेर आले होते.

"मास्तर, तुमच्या शिलाईला मोड आलेत," बाई म्हणाल्या. "याचं सत्त्व काढू की आंबील करू?"

आणि मग त्या हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. आजारपणानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी मात्र दोन दिवस घरी जेवताना भाकरीकडे बघत नव्हतो. तिसऱ्या दिवशी नाचणी खरपूस भाजली, पिशवी वेगळी शिवली आणि ब्लाऊजला आतून खिसा दिला. धुताना पिशवी काढून ठेवायची. एवढी अक्कल यायला मला बी पेरावं लागलं.

बाईंना मुंबईच्या इस्पितळात पोलादपूरकडची एक मुलगी भेटली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, तोच आजार, तेच ऑपरेशन, तिचीही गाठ वेळेत सापडलेली. ती माहेरी, उमरठच्या बाजूच्या एका वाडीत येऊन राहिली होती. बाई महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं तिच्याकडे जात. एकदा येऊन मला म्हणाल्या, "टेप खाली ठेवा, मास्तर. ती पोर बरी झाली आहे, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. पण सहा महिने घराबाहेर पडलेली नाही. होळीला नवरा गिरणीतून सुट्टी घेऊन येणार आहे, तर आईला म्हणते, त्याला कळवा, दुसरी कर, मी काही सासरी जात नाही. आजाराला इस्पितळ आहे. या लाजेचं काय करायचं? रविवारी तुम्ही माझ्याबरोबर चला."

मी कधी गिऱ्हाइकाच्या दारी गेलो नव्हतो. पण बाईंना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. रविवारी नवीन चपला घालून, कात्री कापडात गुंडाळून, मोठा तालेवार असल्यासारखा निघालो. पोलादपूरला गाडी बदलली, पुढे चढ चालायचा होता. नवीन चपलांनी पहिल्याच वळणावर पाय सोलला आणि मी त्या वाडीत चपला हातात घेऊन पोचलो.

मुलीच्या आईनं ओटीवर घोंगडी टाकली. "भायेर येत नाय वो ती," आई म्हणाली. "इहिरीवर जात नाय, लग्नाकार्याला जात नाय. कोन आलं की दार लावते."

बाई आत गेल्या. बराच वेळ कुजबूज चालली. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मलाही माप घेऊ देत नाही. म्हणते, शिंपी मनात हसेल." थोडा वेळ त्या माझ्या सोललेल्या पायांकडे बघत राहिल्या. "मास्तर, तुमच्या नाचणीचं सांगा तिला."

"मी? कुणाला सांगू? समोर तर दार आहे."

"दारालाच सांगा."

मग मी, महाडच्या पेठेतला नावाजलेला शिंपी, परक्या ओटीवर बसून एका बंद दाराला माझी फजिती सांगितली. देवानं दुमडून कापलाय म्हणालो होतो तिथपासून. मांजर सांगितलं. पक्की शिवण सांगितली. कोंब आले इथवर पोचलो तेव्हा आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग हसू ऐकू आलं, दाबलेलं, आणि मग न दाबलेलं.

"भाजली नव्हती व्हय?" दारामागून आवाज आला. "येवढं ठावं नाय मास्तरांना? भिजली का ती उगवनारच."

आई चुलीपाशी उभी होती. ती खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. मला आयुष्यात लोक पुष्कळ हसले आहेत, पण त्या दिवशीइतकं बरं मला कधी वाटलं नाही. थोड्या वेळानं बाई पुन्हा आत जाऊन मापाचे आकडे सांगायला लागल्या आणि मी ते लिहून घेतले. ऑपरेशननंतर हाताला सूज होती, म्हणून डावी बाही अर्धा इंच सैल.

ब्लाऊज शिवून वाडीत गेले. पंधरा दिवसांनी मुलगी विहिरीवर गेली. होळीला नवरा आला आणि ती त्याच्याबरोबर सासरी गेली. बाई म्हणाल्या, "दुसरी करायचं त्याच्या काही ध्यानात राहिलं नाही वाटतं. त्यानं हिला विचारलं म्हणे, दुखतं का अजून, आणि रात्री पाणी स्वतः उठून दिलं."

पुढच्या तीन-चार वर्षांत बाईंनी आणखी पाच-सहा जणी आणल्या. सगळ्या तरण्या, सगळ्या खाली मान घालून दुकानाच्या पायरीवर थांबणाऱ्या. दर वेळी मला नाचणी सांगावी लागे. मी एकदा वैतागून म्हटलंही, बाई, माझी काही अब्रू? त्या म्हणाल्या, "तुमच्या अब्रूपेक्षा तुमची फजिती जास्त कामाची आहे."

मग एक दिवस बाई आल्या आणि टकटक केली नाही. टेप खाली ठेवायलाही सांगितलं नाही. स्टुलावर बसल्या. माझीच चुळबुळ सुरू झाली.

"मी त्या उमरठकडच्या पोरीच्या सासरी गेले होते," शेवटी म्हणाल्या. "शेतात होती. पिशवी नव्हती लावलेली. म्हणाली, वाकलं का वझं व्हतं, उकडतं, मी काढूनच ठेवली. नुसता पदर खोचून काम करत होती. आणि मला विचारलं, 'बाई, तुमी सांगता लाजायचं नाय. मंग तुमी कुनाला भिऊन भरता वो?'"

मी गळ्यातली टेप आपणहून खाली ठेवली.

"मला उत्तर आलं नाही, मास्तर. रोज पन्नास पोरांना उत्तरं विचारते मी." त्यांनी हातातल्या थैलीतून कापड काढलं. "मला एक ब्लाऊज शिवा. मी आहे तशी. आत काही नाही. ज्यांना पिशवी हवी त्यांना देत राहा, त्यांना ती हवीच असते. मला आता नको."

मी वाद घातला. म्हटलं, बाई, हे गाव आहे, शाळा आहे, लोक बघतील.

"बघतील," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. "मलाही भीती वाटते हो. शिवा तुम्ही, पुढचं मी बघते."

तो ब्लाऊज मी तीनदा उसवला. भरलेलं लपवणं सोपं असतं. सपाट बाजूला कापड सपाटच बसवायचं, न झोळ न ताण, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पहिल्यांदाच कापड न दुमडता, एकेक बाजू वेगळी कापली. बाईंनी ब्लाऊज नेला, पण घातलेला कधी दिसला नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, ठेवला असेल ट्रंकेत तळाशी.

उन्हाळ्यात बाईंच्या यजमानांची रत्नागिरीकडे बदली झाली. सामान पुढे गेलं होतं. बाई सकाळी पेठेतून चालत स्टँडकडे निघाल्या आणि मला लांबूनच त्या ब्लाऊजचं कापड ओळखू आलं. दोन्ही हातांत पिशव्या, पदर नेहमीसारखा खांद्यावर पिन लावलेला, धरलेला नाही. किराणावाला उठून म्हणाला, "निघालात बाई?" भाजीवालीनं हात धरून थांबवलं. दोन जुन्या विद्यार्थिनी पाया पडल्या. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. आणखी काही बघण्यासारखं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

अख्ख्या पेठेत टक लावून बघणारा मी एकटाच निघालो. बाईंनी ते पाहिलं, हसल्या, आणि मुद्दाम वळून उन्हात उभ्या राहिल्या, मला नीट दिसावं म्हणून. डाव्या मुंढ्याखाली, काखेशी, शिवण खेचतेय का, मी तेवढंच बघत होतो. खेचत नव्हती.