गडगडलं की मेन स्विच

नोकरी गेल्यावर मी मुकुंदवाडीच्या घरी परत आलो आणि जुन्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन उभारायला बसलो. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, सरावासाठी. रॅम आठ जीबी. निम्मी आतल्याला दिली की बाहेरचा मरायला टेकायचा. तरी चार दिवस खपून मी आत लिनक्स बसवलं, नेटवर्क जोडलं, डेटाबेस घातला.

पाचव्या दिवशी दुपारी आभाळ गडगडलं आणि वडिलांनी घराचा मेन स्विच खाली ओढला. लासूरच्या शेतात वीज पडून त्यांची विहिरीवरची मोटर जळाली होती, तेव्हापासून गडगडलं की ते आधी स्विच पाडतात. स्विच वर केल्यावर आतलं मशीन काही उठलं नाही. त्याची डिस्कची फाईलच खराब झाली होती. बॅकअप मी घेतला नव्हता, पण राग वडिलांवर काढला.

"आबा, विचारायचं तरी! चार दिवसांचं काम गेलं!"

"तुझाच कॉम्प्युटर जळू नये म्हणून पाडला रं," ते म्हणाले आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. मोटर जळाली तेव्हा पाण्यावाचून त्यांचा उभा कांदा करपला होता. त्याच काळजीनं त्यांनी विचारलं, "मंग आता कुणाचं काय अडलं का?"

मी बराच वेळ आठवत राहिलो. चार दिवसांत मला एकही फोन आला नव्हता.

"नाय," मी म्हणालो.

त्यांना हायसं वाटलं.